पाण्याकडे पाठ

त्या राज्यात पाहुण्याला काय हवे ते विचारण्याची पद्धत नव्हती. विचारणे म्हणजे न देण्याची तयारी, असे तिथे मानत. ज्याला द्यायचे असते तो ओळखून देतो आणि ज्याला टाळायचे असते तो आधी विचारून घेतो, अशी तिथली समजूत होती. पाहुणेही तसेच तयार झालेले होते. काही कमी आहे असे बोलून दाखवणे म्हणजे यजमानाचा अपमान, म्हणून जे समोर येईल त्याला छान म्हणायचे आणि उठायचे. एकदा एक वटवाघूळ मुक्कामाला आले, तेव्हा घरच्यांनी त्याच्यासाठी कापसाची जाड गादी घातली. बिचारे दिवसभर गादीवर उताणे पडून राहिले आणि निघताना म्हणाले, अशी झोप आपण आयुष्यात घेतली नव्हती. ते खरेच होते. घरच्यांनी मात्र ते वाक्य पुढे कितीतरी वर्षे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवले.

अशा त्या राज्याला एक बंदर होते आणि बंदराचा कारभार बगळ्यांकडे होता. पाण्याने त्यांचे पोट भरले होते, त्यांच्या आईबापांचेही भरले होते. त्यामुळे पाण्यासमोर उभे राहणे हेच त्यांचे काम, तीच करमणूक आणि तीच पूजा. पाण्याकडे पाठ करण्याइतका उद्धटपणा त्यांच्या लेखी दुसरा नव्हता. संध्याकाळी घरी जातानासुद्धा ते धक्क्यावरून उलट पावली मागे सरकत आणि गावात शिरल्यावरच वळत. एखादा वयस्कर बगळा त्यात भाजीच्या पाटीवर नाहीतर झोपलेल्या कुत्र्यावर आदळे. असे पडणे मानाचे समजत. कुत्र्याचे मत कोणी घेतले नव्हते.

वारा फिरला की बंदरात गलबते लागत. त्यांच्यावरचे खलाशी म्हणजे पाणमांजरे, अंगाने चपळ आणि हसायला कायम तयार. महिनोन्महिने समुद्रावर काढून ती उतरत, माल उतरवत, नवा भरत, आणि वारा पुन्हा फिरेपर्यंत त्यांना धक्क्यावर थांबावे लागे. थांबायला मात्र जागा नव्हती. पायऱ्या ओल्या असत. दोरांच्या वेटोळ्यांवर बसले तर अंगाला डांबर लागे. कोणाच्या ओट्यावर टेकले तर हाकलत कोणीच नसे, घरातून फक्त एक गोड आवाज येई, "बसा हं, बसा, आम्ही एवढं जरा झाडून घेतो." पाणमांजरे लगेच उठत, ओटा फार छान आहे असे सांगत आणि पुढच्या ओट्याकडे जात.

हे सगळे एक पाकोळी रोज पाही. ती धक्क्यावरच्या गोदामाच्या वळचणीला राहत असे आणि तिचा धंदा चिखलकामाचा होता. कोणाच्या घरट्याची कड ढासळली, कोणाच्या भिंतीला भेग गेली की तिला बोलावणे येई. चोचीत चिखलाची गोळी धरून ती येई आणि लिंपून जाई. काम इतके बेमालूम असे की भेग कुठे होती ते घरमालकालाही सापडत नसे, आणि म्हणूनच तिने काही केले होते हेही कोणाच्या लक्षात राहत नसे. पायापासून उभे केलेले एखादे तरी काम आपल्या नावावर असावे, असे तिला फार वाटे. आणि ते या खलाशांसाठी असावे, असे वळचणीतून बघून बघून तिच्या मनाने घेतले होते.

एका वर्षी बगळ्यांच्या सभेत विषय निघाला की आपले पाहुणचाराचे एवढे नाव, आणि खलाशी ओल्या पायऱ्यांवर बसतात हे दिसायला बरे नाही. सभेचे मुख्य होते धवलराव, पांढरे शुभ्र, उंच आणि कमी बोलणारे. धक्क्यावर एक छोटासा विसावा बांधायचा असे त्यांनी ठरवले. बसायला बाक, वर सावली, अंग धुवायला कुंड आणि ओले कपडे टाकायला दांडी, एवढेच. पाकोळीने ते काम मागितले. दुसऱ्या कोणी मागितलेच नव्हते, म्हणून ते तिला मिळाले.

"पण एक आधीच सांगून ठेवतो, पाकोळीबाई," धवलराव म्हणाले. "गलबतं निघेपर्यंत खलाशी तिथे बसायला लागले, तर विसावा राहील आणि यापुढे बंदराचं प्रत्येक बांधकाम तुमचं. नाही बसले, तर तेच दगड उपसून सभेसाठी पाण्यालगत ओटा करू. आणि तुम्ही परत तुमच्या भेगांकडे."

सभेतल्या निम्म्या बगळ्यांच्या मनात तो ओटा कधीपासून होता. त्यांनी समाधानाने माना डोलावल्या.

आराखडा करायला बसल्यावर प्रश्न आला, खलाशांना आवडते काय? विचारायचे तर नव्हतेच. मग जो तो स्वतःला काय आवडते ते सांगू लागला आणि बाकीचे "अगदी मनातलं बोललात" म्हणू लागले. बाकाचे तोंड पाण्याकडे असावे यावर चर्चाच झाली नाही. पाण्याहून बघण्यासारखे जगात आहे काय? उंची बगळ्याला साजेशी ठरली. कुंडात समुद्राचे पाणी घ्यायचे ठरले, कारण त्यातून मासेही येतात. गोड्या पाण्याची गोष्ट एकाने काढली, तेव्हा शेजारचा म्हणाला, "आयुष्यभर पाण्यातच असतात ते. त्यांना आणखी पाणी कशाला?" कपड्यांची दांडी मागे, अगदी सावलीत बसवायची ठरली, म्हणजे कोणाची ओली बंडी समुद्राच्या आड यायला नको.

पाकोळीला यात काहीही खटकले नाही. पाणी तिलाही आवडे, आणि बाकावर ती जन्मात बसलेली नव्हती. पाकोळ्यांचे पाय त्या कामासाठी नसतातच. तिने जीव ओतून काम केले. दगडाला दगड असा बसवला की मधून मुंगी जाऊ नये. टोचू नयेत म्हणून कडा गोल केल्या. पाठ टेकण्याच्या जागी चिखल इतका घोटला की त्यात तिला स्वतःची चोच दिसू लागली. गलबतांची शिडे दूरवर दिसली तेव्हा शेवटची गोळी बसली होती, आणि ती आपल्या कामाभोवती अशा गिरक्या घेत होती की बघणाऱ्याला घेरी यावी.

उद्घाटन थाटात झाले. पाणमांजरांचा म्होरक्या होता जोमा तांडेल, मिशा पिकलेला, पोट सुटलेला, सगळ्या बंदरांचे पाणी प्यायलेला. पहिला मान त्याला दिला. दोघांनी खालून ढकलल्यावर तो बाकावर चढला. त्याचे पाय हवेत लोंबू लागले.

"वा!" जोमा म्हणाला. "असं बाक अख्ख्या किनाऱ्याला नाही."

खलाशांनी कुंडाला फस्क्लास म्हटले आणि दांडीला एक नंबर. मग सगळ्यांनी वाकून नमस्कार केला, आणि दुसऱ्या दिवशी पाणमांजरे परत दोरांच्या वेटोळ्यांवर जाऊन बसली. पुढेही तिथेच बसत राहिली. विसाव्यात एक घोरपड येऊन पडू लागली, पण तीही बाकाच्या खाली.

पाकोळीचा जीव टांगणीला लागला. पलीकडे काही बगळे ओट्याची जागा आखतही होते. विचारता येत नव्हते, म्हणून विचारल्यासारखे वाटणार नाही असे तिने विचारून पाहिले.

"जोमामामा, कोणीतरी म्हणत होतं, बाक जरा उंच झालंय."

"कोण म्हणतो? त्याला माझ्यासमोर आण गो बाय. उंची कशी झकास आहे!"

"पाय टेकत नाहीत, असं म्हणत होतं."

"पाय काय, जन्मभर टेकायचेच आहेत. जरा लोंबले की बरं वाटतं."

"आणि कुंडातलं खारं पाणी..."

"मीठ अंगाला चांगलं," असे म्हणत जोमाने दोन्ही पंजांनी कराकरा मान खाजवली. आपण खाजवतो आहोत हे लक्षात येताच त्याने पंजे पोटावर घडी घालून ठेवले आणि आकाशाकडे बघत हवा छान पडली आहे असे सांगितले.

पाकोळी त्या घडी घातलेल्या पंजांकडे बघत राहिली. तोंड काय म्हणते ते जाऊ दे, असे तिने ठरवले. पंजे काय म्हणतात ते बघू. त्या दिवसापासून तिने ऐकणे सोडले आणि बघणे धरले.

गावाला गोडे पाणी पुरवणारा एक हेला, म्हणजे रेडा, होता. आपलीच पाण्याची चामडी पखाल आपल्याच पाठीवर घालून तो धक्क्यावरून जाई, आणि ती पखाल एका बाजूने गळे. तो दिसला की सगळी पाणमांजरे त्याच्याभोवती गोळा होत. काय हेलेदादा, तब्येत कशी, घरचे बरे आहेत ना? आणि बोलता बोलता प्रत्येक जण पाळीपाळीने त्या धारेखाली उभा राही, मान पुढे करी, पाठ पुढे करी. अंगावर वाळलेले मीठ निघाले की त्यांचे डोळे मिटत. हेल्याला वाटे, आपल्यावर या खलाशांचा फार लोभ आहे. घरी जाऊन तो तसे सांगतही असे.

दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात यायला वेळ लागला, कारण ती अगदी उघड होती. दोरांवर बसलेली सगळी पाणमांजरे समुद्राकडे पाठ करून बसत. त्यांची तोंडे गावाकडे असत. गावात तसे काही विशेष नव्हते. एक म्हातारी खारूताई गच्चीवर पापड घालून राखण करी आणि डुलकी लागली की शेजारची खारूताई त्यातला एक पळवी. दोन कोंबड्या एकाच उंबरठ्यासाठी भांडत. एक गाढव वळणावर येऊन थांबे आणि मनात येईल तेव्हाच पुढे जाई. कुठे चूल पेटे, कुठे दार लागे, कुठे कोणी कोणाला जेवायला हाक मारी. पाणमांजरे एकमेकांना कोपरखळ्या मारत हे सगळे बघत. पापड पळवला गेला की त्यांना हसू आवरत नसे. गाढव हलले की ती सुस्कारा सोडत. एकदा एक खलाशी विसाव्यातल्या बाकावर चढलेला तिला दिसला, तर तो बाकावर उलटा, गुडघे टेकून, पाठीच्या कडेवर हनुवटी ठेवून गावाकडे बघत होता.

पाकोळीला आधी हसू आले आणि मग भयंकर लाज वाटली. ज्यांनी महिनोन्महिने पाण्याशिवाय काहीही पाहिले नाही, त्यांना आपण पाणी दाखवायला बसवले होते. तेही उंचावर, म्हणजे आणखी जास्त पाणी दिसावे म्हणून.

तिने कोणाची परवानगी घेतली नाही. मागितली असती तर सभा बसली असती, आणि सभा उठेपर्यंत गलबते निघून गेली असती. तिने बाकाची पाठ उतरवून दुसऱ्या अंगाला बांधली. एक थर काढून बाक खाली आणले. टेकडीच्या पोटात एक झरा होता. पोकळ बांबूला बांबू जोडून, सांधे लिंपून, तिने ते पाणी कुंडापर्यंत आणले आणि वरून पडेल असे सोडले. दांडी सावलीतून काढून ऊन-वाऱ्यात रोवली. आपणच जीव लावून घोटलेली पाठ आपल्याच चोचीने फोडताना तिला रडू येत होते, पण चोचीत चिखल असल्यामुळे रडता येत नव्हते.

पहिला धारेखाली गेला तो जोमा. त्याने कोणाला काही विचारले नाही आणि काही म्हटलेही नाही. पाणी डोक्यावर पडले तशी त्याच्या तोंडून एक अशी काही आरोळी निघाली की गाढवसुद्धा वळणावरून चालू लागले. मग एकच गर्दी उसळली. कोणी कोणाच्या पाठीवर चढले, कोणी कोणाला चोळले, कोणी नुसतेच धारेखाली गोल गोल लोळले. बंड्या आणि लुंग्या दांडीवर फडफडू लागल्या. आणि मग एकेक ओले, चकचकीत पाणमांजर येऊन त्या बाकावर बसले. पाय जमिनीला लागले, पाठ टेकली, तोंड गावाकडे. कोणीही छान म्हटले नाही. सगळ्यांचे लक्ष पापडांकडे होते.

पाकोळी आनंदाने इतकी उंच गेली की खाली यायला तिला बराच वेळ लागला.

खाली आल्यावर मात्र तिला एक गोष्ट दिसली. पाणमांजरे गावाकडे बघत होती खरी, पण मध्येच त्यांची मान वळे आणि ती मागे समुद्रावर नजर टाकत. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. हसत असताना, बोलत असताना, डोळा लागत असतानासुद्धा मान फिरे. समुद्रावर जगलेल्याला पाठीमागच्या पाण्याचा भरवसा नसतो. जोमाची मान तर सगळ्यांत जास्त फिरे. तांडेलाची मान ती. यावर कसला चिखल लावावा ते पाकोळीला सुचेना. तरीही पाणमांजरे बसत होती, रोज बसत होती, आणि विसावा राहायला तेवढे पुरेसे होते.

निदान तिला तसे वाटले. पण पाण्यावरून नजर काढून बगळ्यांनी ते पाहिले तेव्हा धक्क्यावर हाहाकार उडाला. पाण्याकडे पाठ! एकाची नव्हे, ओळीने सगळ्यांची! आणि चुकून नव्हे, तर बांधून, लिंपून, पाठ टेकायची सोय करून! एक म्हातारा बगळा तर उलट पावली पळत सुटला आणि थेट कोंबड्यांच्या उंबरठ्यावर जाऊन बसला, त्यामुळे त्यांचे भांडण कायमचे मिटले.

"खलाशी बसताहेत, हे खरं," धवलराव पाकोळीला म्हणाले. ते रागावलेले नव्हते, दुखावलेले होते. "पण ज्या पाण्याने आपल्याला वाढवलं, त्याच्याकडे पाठ करायला शिकवणारी वास्तू आम्ही बंदरावर ठेवू शकत नाही. उद्या सकाळी ती उतरेल."

पाकोळीला बोलायचे खूप होते. पण तिच्या चोचीतून एवढेच निघाले, "ते बसायला लागले होते हो."

सकाळी दोन एडके आले. पाडकामासाठी राज्यात त्यांचे नाव होते. पाणमांजरे तेव्हा बाकावर बसलेली होती. एका बगळ्याने पुढे होऊन गोड आवाजात म्हटले, "बसा हं, बसा, आम्ही एवढं जरा झाडून घेतो." पाणमांजरे सवयीप्रमाणे उठली. कपडे दांडीवरून काढून त्यांनी खांद्यावर टाकले आणि सवयीप्रमाणे म्हणाली, बाक फार छान होते. एडके मागे सरकले, त्यांनी शिंगे खाली घातली. पाकोळीने डोळे मिटून घेतले.

"मोडू नका," जोमा म्हणाला.

कोणाला कळेना आवाज कुठून आला. जोमालाही क्षणभर कळले नाही.

"मोडू नका," तो पुन्हा म्हणाला. "आम्हाला हे हवंय. आणि खरं सांगू? आधीचं उंच होतं. पाणी खारं होतं. आणि समुद्र बघून बघून आमच्या डोळ्यांत मीठ साठलंय. आम्हाला हे हवंय. हेच."

एडके शिंगे तशीच धरून डोळे फिरवून बघू लागले. पाहुण्याने मागितले होते! सभेतल्या जुन्या जाणत्यांनी आठवून पाहिले, पण मागणाऱ्या पाहुण्याला काय करायचे याचा नियम कोणालाच आठवेना, कारण आजवर कोणी मागितलेच नव्हते. नाही म्हणावे, तर नाही म्हणण्याचीही रीत ठरलेली नव्हती.

धवलरावांनी एडक्यांना थांबायची खूण केली. या बाकावरून एवढे काय दिसते ते स्वतः बघावे म्हणून ते चालत बाकासमोर आले. पण पाण्याकडे पाठ करणे त्यांच्या अंगातच नव्हते. त्यामुळे ते आले ते सरळ बाकाच्या पुढ्यात, बाकाकडे आणि समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. पाणमांजरे एकेक करून आपल्या जागी बसली होती. आता त्यांच्या आणि गावाच्या मध्ये धवलराव होते, आणि धवलराव रुंद नसले तरी पंख पसरून उभे होते.

मग जोमा, मागण्याची चव नुकतीच कळलेला, खाकरून म्हणाला, "मालक, जरा बाजूला सरता का? ती निळ्या दाराची बाय कपडे वाळत घालतेय. ते बघतोय आम्ही."

धवलराव सरकू लागले. पण त्यांचा पाय अर्ध्यात थांबला. "निळं दार?"

"ते काय, चिंचेखालचं. रोज याच वेळेला ती येते. एकेक कपडा झटकते आणि गाते."

"गाते?"

"ऐकू येत नाही, वारा उलटा आहे. पण चोच हलते, मान डुलते. काल तर चांगली गिरकी घेतली तिने, ओलं धोतर हातात घेऊन."

बाकावरची सगळी पाणमांजरे हसली आणि एकाने ती गिरकी करूनही दाखवली. धवलराव मात्र हसले नाहीत. चिंचेखालचे निळे दार त्यांचेच होते. रोज सकाळी ते त्या दारातून बाहेर पडत, पाण्यासमोर येऊन उभे राहत आणि संध्याकाळपर्यंत तिकडे बघत नसत. घरात त्यांची बायको कधी गायली नव्हती. निदान त्यांनी कधी विचारले नव्हते.

"ती... कुणीकडे बघून गाते?" धवलरावांनी विचारले.

सभेतले बगळे दचकले. मुख्यांनी पाहुण्याला प्रश्न विचारला होता.

जोमाने डोळे बारीक केले. मग त्याने गावाकडे पाहिले, धवलरावांकडे पाहिले, आणि त्याच्या मिशा हळूहळू वर गेल्या.

"इकडेच बघून गाते की हो," तो म्हणाला. "तुमच्या पाठीकडे."

पांढऱ्या शुभ्र बगळ्याचा रंग बदलतो असे कोणी सांगितले असते तर बंदरावर कोणाचा विश्वास बसला नसता. पण त्या सकाळी सर्वांनी तो डोळ्यांनी पाहिला. धवलराव मानेपासून चोचीपर्यंत गुलाबी झाले.

"पण पाण्याकडे पाठ!" मागून एक बगळा कळवळून म्हणाला. "त्याचं काय?"

"पाण्याकडे बघायला आपण आहोत ना," धवलराव म्हणाले, आणि एडक्यांना त्यांनी घरी जायला सांगितले.

एडके नाराज झाले, पण दगडांना शिंग लावल्यावाचून ते गेले नाहीत. त्यांनी जाता जाता ओट्याची जागा आखायला बगळ्यांनी मांडलेले दगड पाकोळीला आणून दिले, कारण दुसरे काम त्याच दिवशी सुरू झाले. विसाव्यासमोर आणखी एक बाक बांधायचे होते, बगळ्यांसाठी, पाण्याकडे तोंड असलेले. यावेळी पाकोळीने उंची ठरवण्याआधी सरळ विचारले. सगळ्या बगळ्यांनी एकाच वेळी उत्तर दिले. आपल्याला बसायला जागा हवी होती, हे कोणी विचारेपर्यंत त्यांनाही माहीत नव्हते.

दोन्ही बाकांच्या मध्ये पखाल घेतलेला हेला जाईल एवढीच वाट राहिली. बगळे एका बाजूला, पाणमांजरे दुसऱ्या बाजूला, गुडघ्यासमोर गुडघे. पहिल्या दिवशी दोन्हीकडचे एकमेकांच्या डोक्यावरून आपापले बघत बसले. दुसऱ्या दिवशी एका बगळ्याने भीत भीत विचारले, की आपण जिथे रोज बघतो तिथे पलीकडे आहे तरी काय? मग खलाशांनी जे सांगायला सुरुवात केली ते काही संपेना. बेटे, देवमासे, जळत्या डोंगराचा धूर, कुठे तरी मिळणारे फणसाएवढे आंबे; यातले निम्मे खरे असावे. आणि एकदा एक बगळा बोलता बोलता थांबून म्हणाला, "जरा पाय वर घ्या, एक मोठी लाट येतेय." सगळ्या पाणमांजरांनी मागे न बघता पाय वर घेतले, आणि लाट खालून निघून गेली.

वारा फिरला. गलबते भरून तयार झाली. आता भरती पुरी चढण्याची वाट होती, आणि तोवर बसायला वेळ होता. पाकोळी वरच्या आडव्या वाशाखाली स्वतःचे घरटे लिंपत होती. खाली जोमा तांडेल पाठ टेकून, पाय पसरून, पोटावर पंजे ठेवून बसला होता. त्याची मान सरळ होती. कितीतरी वेळ ती फिरली नव्हती. समोर धवलराव बसले होते आणि त्यांची नजर जोमाच्या खांद्यावरून पाण्यावर होती.

"पाणी कुठवर आलं, मालक?" जोमाने डोळे न हलवता विचारले.

"खालची पायरी बुडतेय. बसा अजून, मी सांगतो," धवलराव म्हणाले. मग थोड्या वेळाने, मान न वळवता त्यांनी विचारले, "आणि तिकडे?"

जोमाने त्यांच्या मागे पाहिले.

"दार उघडलंय," तो म्हणाला. "हातात झाकलेलं ताट आहे. चिंचेखालून निघाली... गाढवाने वाट अडवली... गेलं, गेलं, बाजूला झालं. इकडेच येतेय हो. हसतेय."